काका आधी का टँकर आधी

चैत्र सरत आला की आमच्या गल्लीत दोन आवाज एकदाच सुरू होतात. एक बँडवाल्यांच्या सरावाचा आन् दुसरा टँकरच्या हॉर्नचा. दोन्ही एकमेकांत असे मिसळतात, की कुठला आवाज नाचायला बोलवतोय आन् कुठला पाणी भरायला, हे मला पटकन कळत नाय. मागच्या हप्त्यात मी बँडचा आवाज ऐकून पाण्याचा ड्रम घेऊन खाली गेलो. खाली नवरदेव घोड्यावर बसलेला. मी आपला ड्रम धरून बाजूला उभा राहिलो, तर एक पाव्हणा मला म्हणला, "उभे काय राहिले मालक, वाजवा की."

लगीनसराई आली की माझं असंच होतं. मी लग्नाच्या व्हिडिओची कापाकापी करतो. लोक एडिटर म्हणतात, ती त्यांची मेहरबानी. सातवीत मी एवढ्या वेळा बसलो, की मास्तर म्हणले, आता परत बसलास तर तो बाक तुझ्या नावावर करून देतो. इंग्रजी येत नाय, आन् कॉम्प्युटरातलं सगळं इंग्रजीत. मी जागेवरून ओळखतो. वरून तिसरं दाबलं की कापतं, त्याच्या शेजारचं दाबलं की सरकतं. एकदा प्रोग्राम नवीन आला आन् त्यांनी कात्री उजवीकडून डावीकडं नेली, तेव्हा मी आपल्याच दुकानात पाव्हण्यासारखा हात मांडीवर ठेवून बसलो होतो.

यंदाच्या सराईत आमच्या घरी बी एक पत्रिका आली. बायकोच्या चुलत्याच्या नातवाचं लग्न, तिकडं वेरूळच्या पुढं, तिच्या माहेरी. शोभानं, म्हणजे बायकोनं, पत्रिका वाचली आन् घडी घालून मला दिली.

"तुम्ही जा. मी येणार नाय."

"अगं सख्खा काका हाय."

"व्हय ना. त्याच सख्ख्या काकानं माझ्या लग्नात माझ्या मायला मांडवाच्या बाहेर काढलं."

हे ती लग्न झाल्यापासून म्हणती. तिचे वडील ती लहान असतानाच वारले. माझी सासू, आमच्याकडं सासूला मामी म्हणतात, पांढऱ्या कपाळाची. आन् आपल्या लोकांत अक्षदांच्या टायमाला तसल्या बाईनं पुढं यायचं नाय, असं कोणी तोंडानं म्हणत नाय, पर सगळ्यांचे डोळे म्हणतात. शोभानं अंतरपाट खाली गेल्यावर मायला शोधलं, तर माय मांडवात नव्हती. पुढं मीच मामीला एकदा विचारलं, तर मामी म्हणल्या, "होते की. मागं होते." आन् लगेच विचारलं, तुमच्याकडं करडईचं तेल काय भावानं मिळतं. तिथंच तो विषय बंद झाला. आमच्या घरात अवघड गोष्टी तेलाच्या भावाखाली झाकून ठेवायची पद्धत हाय.

"तुम्ही एडिटर ना?" शोभा म्हणली. "आपल्या लग्नाची कॅसेट हाय ना? बघा आन् सांगा मला. काढलं का नाय काढलं."

"आपली फिल्म अजून पुरी झालेली नाय."

"मला म्हायती हाय. आख्ख्या उस्मानपुऱ्याला म्हायती हाय."

तर ही अडचण. जिल्ह्यातल्या लोकांच्या फिल्मा मी पुऱ्या केल्या. त्यातल्या काही जणांची सोडचिठ्ठी झाली, पर फिल्म टायमावर गेली. माझी तेवढी राहिली. आन् ती राहायला दुष्काळ कारण हाय का कॉम्प्युटर, हे मला आजपर्यंत कळलेलं नाय.

दोघं एकाच उन्हाळ्यात आले. तेव्हा मी ह्याच उस्मानपुऱ्यात कलीमभाईच्या शूटिंगच्या दुकानात हाताखाली होतो. कलीमभाईकडं दोन मशिनी. एकीत शूटिंगची कॅसेट घालायची, दुसरीत कोरी. इकडं चालू करायचं, तिकडं रेकॉर्ड दाबायचं, नको तो भाग आला की तिकडचं थांबवायचं. बस. आधी हळद, मग वरात, मग लग्न, एकामागं एक. मधलं काही बदलायचं म्हणलं तर तिथपासून पुढचं सगळं परत. आन् कॉपीवरून कॉपी काढली की रंग उतरायचा. तिसऱ्या कॉपीत नवरी कुठली आन् भिंत कुठली, हे नात्यातल्या माणसानंच सांगावं. त्यामुळं कलीमभाई रेकॉर्डच्या बटणावर बोट ठेवून डोळे मिटायचा. म्हणायचा, "अबे बाळू, पहले दिमाग में जोड, बाद में टेप पे. टेप माफ नै करता." मी बी डोळे मिटायचो. मला झोप लागायची.

मग कॉम्प्युटर आला. शहर तेव्हा चहूकडून फुगत चाललं होतं. बायपासच्या कडंला, जिथं ज्वारी असायची तिथं प्लॉटचे दगड, आन् मधून मधून लग्नाची लॉनं. नाव लॉन, पर गवताचं एक पातं नाय, हिरवी मॅटिंग आथरलेली. पाणी कुठून आणणार. त्या लॉनवरच्या पार्ट्यांना, म्हणजे गिऱ्हाइकांना, साधी कॅसेट नको होती, त्यांना सीडी पाहिजे, त्यात बदामाच्या आत नवरा-नवरी पाहिजेत, पानं उलटली पाहिजेत. कलीमभाईनं दुकानात कॉम्प्युटर आणला, त्याच्यावर रुमाल टाकला आन् आम्ही दोघं दोन दिवस त्या रुमालाकडं बघत बसलो.

त्यात पडद्यावर खाली एक लांब पट्टी दिसायची. तिच्यावर लग्नाचे तुकडे मांडायचे. कुठलाही उचला, कुठंही ठेवा. विदाई आधी, हळद नंतर, कोण विचारतंय. आन् पसंत नाय पडलं तर एक बटण, सगळं पहिल्यासारखं. मला वाटलं, चित्र त्या पट्टीवरच राहातं. पट्टीवर कापलं की चित्र मेलं. मी तुकडा कापताना श्वास रोखायचो. कॉम्प्युटर बसवायला आलेला माणूस हसला. म्हणला, "पट्टीवर काय नाय हो. पट्टीवर नुसत्या पत्रावळ्या मांडल्यात. जेवण आत भटारखान्यात हाय, ते जसंच्या तसं राहातं. तुम्ही फक्त सांगताय, इथं हे वाढा, तिथं ते वाढा." तेवढं मला समजलं. पंगतीतलं मला सगळं समजतं.

कलीमभाईनं एकदा ते मागं घ्यायचं बटण दाबून बघितलं. परत दाबलं. परत दाबलं. मग खुर्चीत मागं टेकला. "इसमें तो पछताने की कोई कीमत-ईच नै रे," म्हणला. त्या दिवशी तो खुश झाला का नाराज, ते बी मला कळलं नाय.

त्याच उन्हाळ्यात आमचं लग्न. कलीमभाईनं स्वतः शूटिंग केलं, पैशाचं नाव घेऊ दिलं नाय. मी ठरवलं, आपली फिल्म कॉम्प्युटरवर करायची, अशी करायची की सासुरवाडी बघत राहील. आन् बसलो. हा तुकडा आधी ठेवला, मग नंतर ठेवला. बदाम घातला, काढला. टेपवर असतं तर चार दिवसांत झालं असतं, कारण बदलायची सोयच नव्हती. इथं सगळं बदलता येत होतं, म्हणून कुठलंच पक्कं होईना. पोरगं झालं, ते शाळेत गेलं, ते माझ्यापेक्षा पुढच्या वर्गात गेलं, आन् माझी फिल्म अजून हळदीतच.

दुष्काळाच्या सालांत आमच्याकडं एक वेगळीच मागणी असायची. कॉम्प्युटरसोबत देखाव्यांची सीडी आली होती. बर्फाचे डोंगर, फुलांचे मळे, धबधबे. ज्या साली पाणी नाय, त्या साली धबधबा लई खपायचा. अजिंठ्याकडचा एक नवरीचा बाप दुकानात येऊन बसला होता. पोरगी आन् जावई धबधब्यापुढं उभे करून दाखवले, तर म्हणला, "साहेब, हे जरा जास्त टाइम चालू द्या." मी म्हणलं, "जावई छान दिसतात." तो म्हणला, "जावई ऱ्हाऊ द्या. पाणी बघतोय."

तर आता शोभानं सांगितलं म्हणून मी ती जुनी डिस्क काढली. दुपारची वेळ, पंखा आपला गरम वारा फिरवतोय, शोभा शेजारी स्टूल घेऊन बसली. मी पट्टी उघडली आन् मंगलाष्टकांपाशी आलो. आवाज येतोय, भटजी म्हणतायत, आन् चित्रात एका बाईचे हात, अक्षदा टाकतायत.

"थांबा," शोभा म्हणली. "ही बाई कोण?"

"कोणती?"

"पाटल्या घातलेली. आमच्या गावात त्या साली पाटल्या घातलेली बाई कुठून आली?"

हे आता सांगावं लागतं. दोन चित्रं एकमेकाला जुळत नसली की मधे तिसरंच काहीतरी टाकायचं, हा या धंद्यातला पहिला धडा. हात टाका, फुलं टाका, बँड टाका, बघणाऱ्याला सांधा कळत नाय. त्या पाटल्यावाल्या बाईचे हात मी बायपासच्या एका लॉनवरच्या लग्नातून काढून ठेवलेत. इतके झकास हात, की पुढं ज्या ज्या लग्नात अडलं तिथं तेच हात घातले. अर्ध्या जिल्ह्याच्या डोक्यावर त्या एकट्या बाईच्या अक्षदा पडल्यात. आमच्या बी पडल्या होत्या.

"मग आपल्या लग्नातलं काय होतं तिथं?"

"खाली असंल."

पट्टीला मजले असतात. वरच्या मजल्यावर जे ठेवलं ते दिसतं, खालचं झाकून राहातं, पर पुसत नाय. मी वरच्या मजल्यावरचे हात उचलून बाजूला केले. खाली टँकर निघाला.

तेव्हा मला सगळं आठवलं. मंगलाष्टका चालू झाल्या आन् गावात टँकर आला. चार दिवसांनी आला होता. अर्धा मांडव उठला. वऱ्हाडी उठले, मामा उठले, बँडवाले सुद्धा उठले. अंतरपाटाच्या ह्या बाजूला मी, त्या बाजूला शोभा, आन् भटजी. कलीमभाई कॅमेरा घेऊन लोकांच्या मागं गेला. नंतर मी त्याला म्हणलं, "भाई, माझं लग्न सोडून टँकर कशाला काढला?" तर म्हणला, "मांडव में था कौन, बता? पब्लिक जिधर, कॅमेरा उधर." मग टँकर गेल्यावर त्यानं आम्हाला परत उभं केलं, परत हार घालायला लावले. फिल्ममधे जे हार दिसतात ते दुसऱ्यांदाचे. त्यात माझा हार शोभाच्या बाशिंगात अडकला. पहिल्यांदा अडकला होता का, ते कोणीच बघितलेलं नाय.

पर आता पडद्यावर टँकर होता आन् मागं कर्ण्यातून मंगलाष्टका चालू होत्या. बायकांची गर्दी, पाइपाची ओढाओढ. आन् त्या गर्दीत मामी. डोक्यावर भरलेला हंडा, एका हातानं धरलेला. कर्ण्यातून 'सावधान' झालं तशी मामी थांबली. दुसऱ्या हातानं कंबरेचा पदर सोडला, त्याच्या गाठीतून काहीतरी मुठीत घेतलं आन् मांडवाच्या दिशेनं टाकलं. अक्षदा. मांडव पार तिकडं लांब, त्या कुठल्या पोचतात. पुढच्या बाईच्या घागरीत पडल्या. ती बाई मामीवर वस्सकन ओरडलेली दिसती.

मी ते मागं घेऊन परत लावलं. शोभानं परत बघितलं.

"म्हणजे मांडवात नव्हतीच," ती म्हणली.

"पर अक्षदा टाकल्या की."

"टाकल्या. पर ती टँकरसाठी बाहेर गेली, का बाहेर काढली म्हणून टँकरवर गेली?"

मी म्हणलं, बघू. मागं सरकवलं. टँकरच्या आधी एक तुकडा होता. मांडवाच्या खांबापाशी मामी उभी, आन् काका तिला काहीतरी सांगतायत. हात लांब करून रस्त्याकडं दाखवतायत. बँड एवढा जोरात वाजतोय की शब्द एक ऐकू येत नाय. मामीनं मान हलवली आन् तुकडा संपला.

मी काकाचा तुकडा ठेवला, त्याला लागून नवरीचं तोंड ठेवलं, त्याला लागून टँकरवरची मामी. चालवलं. अगदी सरळ दिसत होतं, दिरानं विधवा भावजयीला मांडवातून घालवलं. माझी सवय वाईट, मी काकाचा हात जरा सावकाश केला. काका लईच बेकार माणूस दिसायला लागला. शोभाच्या डोळ्यात पाणी आलं. "बघा," म्हणली, "मी म्हणत नव्हते?"

मग मला वाटलं, उलटं करून बघू. टँकर रस्त्यावर येतोय ते आधी ठेवलं. आवाज चित्रापासून सोडवता येतो, म्हणून टँकरचा हॉर्न उचलून काकाच्या तुकड्यावर टाकला. आता हॉर्न वाजतो, काका रस्त्याकडं हात करतो, मामी मान हलवती, आन् टँकरवर जाती. काका आता घरातला जबाबदार माणूस. वहिनी, पाणी आलं, पंगतीचं बघा, एवढंच सांगतोय.

शोभानं ते बघितलं. डोळे पुसले. मग म्हणली, "दोन्हीत काकाचं तोंड तेच हाय."

"तेच हाय. मी तोंडाला हात लावला नाय."

"मग खरं कुठलं?"

एवढी वर्षं या धंद्यात हाय, पर हा सवाल मला कोणत्याच पार्टीनं विचारला नव्हता. पार्टी विचारती, आमची आत्या दिसती का, जेवणाचा भाग किती मोठा हाय. मी एकदा हे लावलं, एकदा ते लावलं. दोन्ही टायमाला मला पटलं. तिसऱ्यांदा लावलं तर दोन्ही पटंना. काकाचा हात बघून बघून तो मला काकाचा वाटायचाच बंद झाला, नुसता रस्ता दाखवणारा हात राहिला.

"मूळ कॅसेटमधे कसं हाय?" तिनं विचारलं. "तुम्ही हात लावायच्या आधी?"

मूळ मी काढून बघितलं. आधी काका, मग टँकर. पर मधे निळं. कलीमभाईनं तिथं बॅटरी बदलली होती, आन् आधीचं पुसलं जाऊ नये म्हणून टेप जरा पुढं सरकवली होती. टेपवर कोरी जागा राहिली की पडदा नुसता निळा दिसतो. त्या निळ्यात काय झालं, हॉर्न काकाच्या आधी वाजला का नंतर, ते कॅमेऱ्याला म्हायती नाय. फिल्ममधे असं निळं कधी ठेवत नाय. पार्टीला वाटतं सीडी खराब निघाली, आन् ती निम्म्या जेवणातून उठून दुकानात येती.

"तसंच ठेवा," शोभा म्हणली.

"निळं?"

"व्हय. जसं हाय तसं. ती बाई काढून टाका. बदाम बी काढा. तुमचं सावकाश बी काढा."

मी काढलं. काढत गेलो तशी फिल्म होत गेली, हे एक मला आजवर सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती पुरी झाली.

त्याच दुपारी मामी आल्या. तिकडच्या विहिरी आटल्यात, आन् लग्नाला आमच्याबरोबरच परत जायचं, म्हणून एसटीनं आल्या. पाणी प्यायल्या, पाय लांब केले. शोभानं विचारलं नाय, सांगितलं नाय, टीव्ही लावला.

"काय गं हे?"

"माझं लग्न. झालं एकदाचं."

"जावई, केली का पुरी?" मामी म्हणल्या. "मला वाटलं आता नातवाच्या लग्नातच दाखवता."

मी म्हणलं, "मामी, घाईचं काम चांगलं होत नाय."

बँड आला. हळदीचे लोक आले. मामी एकेकाला ओळखत होत्या, हा गेला, ही आता नाशिकला असती, हा अजून तसाच दळभद्री. मग खांबापाशी त्या स्वतः दिसल्या आन् त्यांच्या पुढं काका, हात लांब केलेला. काकाचा हात तसाच होता, आन् पडदा निळा झाला.

माझा हात आपोआप रिमोटवर गेला. ते निळं लई लांब वाटतं बघताना. शोभानं माझं मनगट धरलं.

"माय," ती टीव्हीकडंच बघत म्हणली, "काय म्हणाला गं काका?"

मामी तेलाच्या भावाकडं गेल्या नाय. निळ्याचा उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता.

"म्हणाला, वहिनी, तुम्ही जरा तिकडं व्हा, लोक नावं ठेवतेत." मग म्हणल्या, "हॉर्न तेव्हाच वाजला. त्याचं बोलणं संपलं बी नव्हतं. शंभर माणूस जेवायचं होतं, रांजणात पाणी नव्हतं. त्यानं नसतं सांगितलं तरी मी गेलेच असते गं. कोण जाणार होतं मग? पर त्यानं सांगितलं, आन् तेच टोचलं. मला टँकरकडं जाता जाता कळंना, मी चालले का मला धाडलं."

"मग मला सांगितलं का नाय?"

"काय सांगू? काढलं म्हणू, तर मी माझ्या पायानं गेले. नाय काढलं म्हणू, तर ते बी खोटं."

टीव्हीवर टँकर आला होता. बायकांची गर्दी, कर्णा, पाइप. मामी शोभाकडं बघून बोलत होत्या, शोभा मामीकडं. त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं, पदराला अक्षदा कधी बांधल्या, चूल कोणी पेटवली, काका किती माणसांत हात जोडत फिरत होता, सगळं निघत गेलं. पडद्यावर मामीनं मुठीतलं टाकलं. ते मी एकट्यानंच बघितलं. ती पुढची बाई ओरडली, तो आवाज ऐकून मामीनं क्षणभर मान वळवली. "ही नं, सरूची जाऊ," म्हणल्या, आन् परत शोभाकडं वळल्या.

"मग आता त्यांच्या घरी जायचं का नाय?" शोभानं विचारलं.

"जायचं तर. मी तर तुम्हाला न्यायलाच आले." मामीनं पाय जवळ घेतले. "आन् ह्या टायमाला मी पुढं बसणार. पहिल्या खुर्चीत. बघू कोण उठवतंय." मग म्हणल्या, "शोभे, तुझी ती जांभळी साडी हाय का, काठाची? का लईच भडक दिसंल मला?"

"उठ," शोभा म्हणली. "नेसून तर बघ."

दोघी आत गेल्या. कपाटाची कडी वाजली, साड्यांचे गठ्ठे पलंगावर पडल्याचा आवाज आला, मग मामीचं हसू ऐकू आलं, मग शोभाचं. मी इकडं रिमोट घेऊन बसलो होतो. टीव्हीवर कलीमभाई आम्हाला दुसऱ्यांदा हार घालायला लावत होता, आन् माझा हार बाशिंगात अडकला होता, आन् तो सोडवायला मी कोणाला तरी हाका मारत होतो.